"आजी, झालं" : रेणूच्या पाळीचं प्रकरण

नोव्हेंबरातली संध्याकाळ. ओसरीवर दिवसभर वेचलेल्या कापसाची गाठोडी पडली होती. रेणूची आई त्यातल्याच एकाला टेकून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्याडम, पोरीची पिशवीच काढून टाकू म्हणतात तिचे बाबा. दवाखान्यात इचारूनही आले. एकदाची कटकट जाईन."

रेणू (नाव बदललं आहे) तेव्हा 13 वर्षांची होती. तिला डाऊन सिंड्रोम आहे. पाळी सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात घर थकून गेलं होतं. मी समावेशित शिक्षणात विशेष शिक्षिका आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली 20 गावं माझ्याकडे आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण रेणूनं शिकण्यात कुठेच कसर ठेवली नाही. चुकत मी होते, आणि ते कळायला मला चार महिने लागले.

घर आणि मुलगी

तीन एकर कोरडवाहू शेत, कापूस आणि तूर. आईवडील स्वतःचं शेत सांभाळून दुसऱ्याच्या शेतावरही जातात. घरात रेणूच्या बाबांची आई आणि रेणूचा 8 वर्षांचा भाऊ. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी. आतल्या खोलीत चूल आणि चुलीच्या बाजूच्या भिंतीत देव्हारा. संडास सरकारी योजनेतून बांधलेला आहे, पण तेव्हा त्यात पऱ्हाटी भरून ठेवली होती. हा तपशील उगीच देत नाही. न्हाणी सोडली तर पाळीच्या मुलीला दार लावून बसता येईल अशी एकच जागा त्या घरात होती, आणि तिच्यात जळण होतं.

डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मापासून हृदयाचा दोष असतो. रेणूला तो नव्हता. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. तेरा वर्षांची असताना तिच्याकडे 40-50 शब्द होते, कधी दोन शब्दांचं वाक्य. दहापर्यंत मोजायची, रंग ओळखायची, अंगण झाडायची, भावाला हाताला धरून शाळेत न्यायची. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीत नाव होतं.

एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत नोंदवली होती आणि नंतर तिच्याकडे पाहिलंच नाही. भाऊ जन्मला तेव्हा रेणू 5 वर्षांची होती. आईच्या कुशीत बाळ आलं, म्हणून रेणू आजीजवळ झोपायला लागली. तेव्हापासून आठ वर्षं एक रात्रही ती आजीवेगळी झोपली नव्हती.

पहिली पाळी

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला रेणू लाकडी नंदी घेऊन गावभर फिरली होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी शाळेत, परिपाठाच्या रांगेत तिच्या स्कर्टवर डाग दिसला. वर्गशिक्षिकेनं ओढणी गुंडाळून तिला घरी पाठवलं. वाटेत ती एकच शब्द म्हणत होती, "लागलं, लागलं." कुठेतरी जखम झाली आहे आणि कुणी तिला पट्टी बांधत नाही, असं तिला वाटत होतं.

आईला तर हे अनपेक्षितच होतं. "अशा पोरीइले पाळी येत नाही म्हणे," असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हा समज मला बहुतेक गावांत भेटतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींनाही पाळी येते आणि डाऊन सिंड्रोमच्या मुलींना साधारण इतर मुलींच्याच वयात येते. छाती वाढू लागल्यापासून पहिल्या पाळीपर्यंत साधारण दोन ते अडीच वर्षं हातात असतात. रेणूच्या बाबतीत ती सगळी वर्षं तशीच गेली. त्या काळात मी तिला पैसे ओळखायला शिकवत होते. तिचं अंग बदलताना मला दिसत होतं, पण मी विषय काढला नाही. आईला अवघड वाटेल असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे अवघड मलाच वाटत होतं.

आजीनं घराच्या रीतीप्रमाणे केलं. रेणूची गोधडी ओसरीच्या कोपऱ्यात गेली. वेगळं ताट, वेगळा गिलास, आत यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ आणि मग घरात. पण रेणूचा रक्तस्राव पाचव्या दिवशी थांबला नाही, नऊ दिवस चालला. म्हणजे नऊ रात्री ओसरीवर. आई तिच्याजवळ झोपत होती, पण रेणू रात्री उठून दाराशी जायची आणि दार वाजवायची. हे मला आईनं तेव्हाच सांगितलं होतं. "रातभर झोपू देत नाही," या तक्रारीच्या रूपात. मी ती तक्रार म्हणूनच ऐकली.

मी काय शिकवलं

माझी योजना तशी चांगली होती आणि तिच्यातलं बरंच काही मी आजही दुसऱ्या मुलींसोबत करते, म्हणून ते नीट सांगते.

पहिली अडचण चड्डीची होती. घरी रेणू नुसत्या फ्रॉकवर असायची. सवय नसलेल्या मुलीला एकदम चड्डी आणि त्यात पॅड म्हणजे दोन नव्या गोष्टी. म्हणून आधी पाळी नसतानाच्या दिवसांत चड्डी दिवसभर अंगावर राहील इतकंच पाहिलं. मग कोरडं पॅड रोज अर्धा तास. चड्डीच्या आत आईनं लाल दोऱ्यानं पॅडच्या आकाराची शिवण घातली, म्हणजे पॅड कुठं चिकटवायचं ते बोटाला कळेल. पॅड बदलण्याच्या नऊ पायऱ्या केल्या : न्हाणीत जाऊन दार लावणं, चड्डी खाली करणं, जुनं पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, झाकणाच्या डब्यात टाकणं, नवं उघडणं, शिवणीवर चिकटवणं, चड्डी वर घेणं, हात धुणं. प्रत्येकीचं चित्र काढून न्हाणीच्या भिंतीला प्लास्टिकमध्ये लावलं.

शिकवलं उलट्या क्रमानं. आधी आठ पायऱ्या आई करणार आणि रेणू फक्त हात धुणार. ते जमलं की चड्डी वर घेणं आणि हात धुणं. अशी मागून पुढे. यात मुलीच्या हातून प्रत्येक वेळी काम पुरं होतं, अर्ध्यावर अडून रडायची वेळ येत नाही. शेवटी हात पुसत ती म्हणायची, "झालं." हा शब्द तिचा फार जुना, मणी ओवायला शिकली तेव्हापासूनचा. काम संपलं की "झालं", जेवण संपलं की "झालं". इथेही मीच तो म्हणायला लावला.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी लाल टिकली लावायची. टिकलीचं पाकीट बाजारातून तिनं स्वतः निवडलं. ही युक्ती आईच्याही कामाची ठरली, तारखा लक्षात राहू लागल्या. (रेणूला फिट येत नाहीत. ज्या मुलींना येतात त्यांच्या घरी फिटची खूणही त्याच कॅलेंडरवर करायला सांगते. काही मुलींना पाळीच्या आसपास फिट वाढतात, आणि डॉक्टरांना हे अशा खुणांवरूनच कळतं.)

ऑक्टोबरच्या पाळीत शाळेत रेणूनं सात पायऱ्या स्वतः केल्या. शाळेच्या बाई आणि मी दोघी हरखून गेलो. आणि घरी? घरी तिनं पॅड ओढून काढलं, हातात घेऊन फिरली, ओसरीला डाग, फ्रॉकला डाग. आजी ओरडली, बाबांनी पहिल्यांदाच हात उगारला.

मी अंदाज बांधला की तिला पॅडचा स्पर्श सहन होत नसेल. पुष्कळ मुलांना प्लास्टिकचा, चिकटपट्टीचा त्रास होतो, हे खरं आहे. मग गावच्या आशा स्वयंसेविकेकडून, आशाताईकडून, दुसऱ्या प्रकारचं पॅड आणलं. तेही फेकलं. आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या शिवल्या, धुवून मऊ केलेल्या. त्याही काढल्या. सीतादही (कापूस वेचणीच्या आधीची पूजा) होऊन वेचणी सुरू झाली होती, मजुरी किलोवर. रेणूची आई पाळीच्या दिवसांत घरी थांबली की तेवढ्या दिवसांचा पैसा बुडायचा. दोन महिन्यांत तिनं 17 दिवस गमावले. "पिशवी काढू" हे वाक्य त्या 17 दिवसांमधून आलेलं होतं, हे मी विसरू नये म्हणून वहीत लिहून ठेवलं.

पिशवी काढण्याचा प्रश्न

बाबा एका खाजगी दवाखान्यात विचारून आले होते. खर्चाचा आकडा मिळाला होता, कापूस विकला की जमेल असा. मुलीला कुणी तपासलं नव्हतं.

बाबांशी बोलायला मी रात्री गेले, ते शेतातून आल्यावर. कायदा आधी सांगितला नाही. त्यांना काय वाटतं ते विचारलं. बराच वेळ ते चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "म्याडम, उद्या मी नसलो आन् कोणी हिच्यासंगं काही केलं तं? तोंड काळं तं नाही होणार ना मंग."

ही भीती मी खोटी म्हणू शकत नाही. पण ऑपरेशननं ती जात नाही. गर्भाशय नसलेल्या मुलीवरही अत्याचार होतो. फरक इतकाच की तो कधी उघडकीला येत नाही, आणि करणाऱ्याला ते ठाऊक असतं. मी त्यांना हे असंच सांगितलं. ते गप्प झाले. पुढे म्हटलं, भूल देऊन करायचं मोठं ऑपरेशन आहे. चिडचिड आणि मनाचे चढउतार ज्या हार्मोन्समुळे असतील ती अंडाशयातून येतात, पिशवी काढून ती थांबत नाहीत. आणि स्राव फारच होत असेल तर तो कमी करणारी किंवा काही काळ पाळी थांबवणारी औषधं आहेत : गोळ्या आहेत, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. यांतलं तिला काही लागतं का ते डॉक्टर तपासून ठरवतील.

मग कायदा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016, कलम 10 : वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. हा कायदा हवेतून आलेला नाही. 1994 साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षम मुली-बायकांची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा कारण हेच सांगितलं होतं, पाळीत स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी तेव्हा कडाडून विरोध केला. पुढे 2009 मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या इच्छेला तिच्या शरीराबाबतच्या निर्णयात मान दिला. बाबांना यातलं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की कायदा पोरीच्या बाजूनं आहे, आणि मला संक्रांतीपर्यंत वेळ द्या. ते म्हणाले, "संक्रांतीपर्यंत. पुढं नाही."

सेवाग्राम

डिसेंबरात रेणूला सेवाग्रामच्या रुग्णालयात नेलं. एसटीनं वर्धा आणि पुढे ऑटो. खरं तर हे मी सप्टेंबरातच करायला हवं होतं. नऊ दिवस स्राव हा वागणुकीचा प्रश्न नाही, तो तपासणीचा आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं अनियमित असू शकते हे खरं, पण डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडची कमतरता इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि त्या कमतरतेनं पाळी जास्त दिवस आणि जास्त जाते. दरवर्षी थायरॉईडची रक्ततपासणी व्हायला हवी. रेणूची सहा वर्षांची असताना एकदा झाली होती, नंतर नाही.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी रेणूला विचारलं, "पोट दुखतं का गं?" आईला नाही. रेणूनं माझ्या बॅगेतलं पोटाचं चित्र काढून दाखवलं. मला हे इतकं बरं वाटलं की मी खिडकीकडे तोंड केलं.

थायरॉईड कमी होतं, हिमोग्लोबिनही कमी. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, लोहाची रात्री. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोहामुळे थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, म्हणून त्यांत निदान चार तासांचं अंतर ठेवायचं. दुखण्याची गोळी पाळीच्या पहिल्या दिवशीच सुरू करायची, रडेपर्यंत थांबायचं नाही.

आईची वही

सेवाग्रामहून परत येताना बसमध्ये मी आईला एक काम दिलं. ती सातवी शिकलेली आहे, अक्षर सुरेख. शंभर पानी वहीत तीन रकाने : आधी काय झालं, रेणूनं काय केलं, मग कुणी काय केलं. पहिल्या दिवशी तिनं मधल्या रकान्यात लिहिलं, "घाण केली." मी म्हटलं, ताई, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. दुसऱ्या दिवसापासून तिनं तसं लिहिलं, आणि त्या वहीनं मला जे दाखवलं ते माझ्या कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

डिसेंबरची पाळी आठ दिवसांची. पॅड 11 वेळा काढलं. त्यातलं एकदा सकाळी, दहा वेळा दिवस मावळल्यावर. शाळेत एकदाही नाही. आईनं शेतात सोबत नेलं त्या दोन दिवसांत शेतातही नाही. स्पर्शाचा त्रास असता तर तो शाळेत दुपारीही झाला असता.

पहिल्या रकान्यात दहाही वेळा जवळपास एकच ओळ होती : आजी देवाजवळ दिवा लावून खाटेवर बसली. मधल्या रकान्यात : पॅड काढलं, आजीजवळ गेली. तिसऱ्यात : आजी ओरडली, हात नको लावू.

जानेवारीत पाळी आली त्या दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी जाऊन ओसरीवर बसले. थंडी होती. आतल्या खोलीत दिव्याची वात दिसली, मग आजी बाहेरच्या खोलीत येऊन खाटेवर टेकली. रेणू उठली. न्हाणीत गेली. दार लावलं. पॅड काढलं, कागदात गुंडाळलं, मी शिकवलं होतं तसंच. पण डब्यात टाकलं नाही. ते कागदाचं पुडकं हातात घेऊन ती खाटेपाशी आली, आजीपुढे धरलं आणि म्हणाली, "आजी, झालं."

आजी मागे सरकली. रेणूनं पुडकं आणखी पुढे केलं. "झालं. झालं."

ती घाण करत नव्हती. तिनं सगळा हिशोब लावला होता. पॅड आहे तोवर ओसरी. पॅड नाही, आंघोळ झाली, की आजीची कूस. चार पाळ्यांत चारदा हेच घडलेलं तिनं पाहिलं होतं. मग पॅड काढून टाकावं आणि आजीला पुरावा दाखवावा, की बघ, संपलं, आता जवळ घे. ज्या मुलीला कार्यकारण समजत नाही असं तिच्या कागदांवर लिहिलं आहे, तिनं हे काढलं होतं. पॅड काढणं आणि "झालं" म्हणणं यांची गाठ तर मीच घालून दिली होती.

त्या रात्री घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

आजी

आजीला दोष देणारं काही या प्रकरणात नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. सत्तरीच्या बाईनं जन्मभर जे पाळलं तेच ती पाळत होती. रेणूवर घरात सगळ्यांत जास्त जीव तिचाच होता. नऊ रात्री तीही झोपली नव्हती, हे मला नंतर कळलं.

विटाळ खरा की खोटा यावर मी वाद घातला नाही. मी फक्त आईची वही वाचून दाखवली. दहा ओळी, दहाही वेळा "आजीजवळ गेली". आणि रेणू "झालं" का म्हणते ते सांगितलं. आजी ऐकत होती. बाजूला आशाताई बसली होती, ती हळूच म्हणाली, "आजी, तुमच्या बीपीच्या गोळ्या मी हातावर आणून देतो. माही पाळी असते तवाही देतो." आजीनं तिच्याकडे पाहिलं, काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेणूच्या आईचा फोन आला. आजीनं स्वतःची खाट ओसरीवर काढायला लावली होती. म्हणाली होती, "ते आत येत नाही तं मीच बाहेर निजतो. सकाळी आंगधुनं केल्याबिगर मी देवाजवळ जातो का कधी?"

मला हे सुचलं नसतं. मी आजीचा नियम मोडायला निघाले होते. आजीनं देव्हारा, चूल, सगळं जिथल्या तिथं ठेवलं आणि आपली खाट हलवली. बाबांनी वाऱ्यासाठी ओसरीला ताडपत्री बांधली. त्या रात्री पॅड काढलं गेलं नाही.

मी माझ्याकडून "झालं" हा शब्द त्या जागेवरून काढला. पॅड बदललं की आता "बदललं". "झालं" फक्त पाळी पूर्ण संपल्यावर, कॅलेंडरवरच्या शेवटच्या टिकलीला. शब्द बदलायला तिला दोन पाळ्या लागल्या. फेब्रुवारीत तिनं पॅड तीनदा काढलं, मार्चमध्ये एकदा. थायरॉईडच्या गोळीचा परिणामही एव्हाना दिसू लागला होता, स्राव सहा दिवसांवर आला. एप्रिलपासून तर उन्हानं सगळं गावच अंगणात झोपतं, आत-बाहेर हा प्रश्नच उरला नाही. संक्रांत कधीच होऊन गेली होती. बाबांनी पिशवीचा विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. संडासातली पऱ्हाटी त्यांनी एका रविवारी स्वतःहून बाहेर काढली.

बाबांच्या भीतीचं काय

ती भीती तशीच ठेवून चालणार नव्हतं. रेणू भेटेल त्याच्या गळ्यात पडायची, किराणावाल्याच्याही, बसच्या कंडक्टरच्याही. लहानपणापासून सगळ्यांनी तिला कौतुकानं तसं शिकवलं होतं. आता तेरा वर्षांच्या मुलीला एकदम "नको" म्हटलं तर तिला काय कळणार? म्हणून आधी मोठ्यांशी बोललो. किराणावाल्या काकांना, शाळेतल्या सरांना सांगितलं : ती धावत आली की तुम्ही नमस्कार करा. दोन महिन्यांत तीही नमस्कार करू लागली. मिठी घरच्या चौघांना आणि मावशीला, एवढंच. आंघोळीला, पॅडला मदत फक्त आई आणि शाळेच्या बाईंची. दुसऱ्या कुणी कपड्यांना हात लावला तर हात पुढे करून "नाही" ओरडायचं आणि आईला येऊन सांगायचं. हे आम्ही ओरडून ओरडून सराव करून घेतलं, कारण गुणी मुलगी म्हणून तिला कधी कुणाला नाही म्हणू दिलं गेलं नव्हतं. शरीराच्या अवयवांची खरी नावं तिला शिकवली. नाव ठाऊक नसलेल्या जागेबद्दल मूल तक्रार करू शकत नाही. बाबांना पोक्सो कायदा, 2012 समजावून सांगितला. मुलाच्या दिव्यांगपणाचा फायदा घेऊन गुन्हा केला असेल तर त्यात शिक्षा अधिक कडक आहे, आणि जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत मागता येते. त्यांनी माझा नंबर भिंतीवर खडूनं मोठा लिहून ठेवला.

आज

हे लिहिते आहे तेव्हा पुन्हा वेचणी सुरू झाली आहे. गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवी चार किलोमीटरवरच्या गावात, आणि तिथं रेणूचं नाव घालण्यावरून जूनपासून माझी पत्रं सुरू आहेत. "मोठी मुलगी आहे, जबाबदारी कोण घेणार" असं तोंडी उत्तर मिळतं, लेखी कुणी देत नाही. प्रमाणपत्रधारक दिव्यांग मुलाला 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्याच 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31. पत्र पुन्हा पाठवलं आहे. तोवर ती दुपारी घरी असते आणि आई शेतात.

म्हणून दुपारचं पॅड कुणी बदलवायचं हा प्रश्न नव्यानं उभा राहिला. सकाळचं आई करून जाते, पण चार ते सहा तासांनी बदलायला हवं. आशाताई एक दिवसाआड येऊ शकते, रोज नाही. गेल्या आठवड्यात मी न सांगता दुपारी गेले. न्हाणीचं दार आतून लावलेलं. बाहेर भिंतीला टेकून आजी उभी होती, पदर नाकाला, आणि मोठ्यानं म्हणत होती, "काढलं का? कागदात घाल. आता डब्यात." मग ती अडली. पुढची पायरी तिला आठवेना. आतून नवं पॅड उघडल्याचा आवाज आला.